पोटावरच्या रेघा

बाईला दिवस गेलेत हे तिला स्वतःला कळायच्या आधी जिला कळायचं, अशी एकच व्यक्ती साऱ्या मंगरूळ तालुक्यात होती, आणि ती म्हणजे आमची बांगडीवाली चाची. चाची शेलूबाजारची. बाजाराचा दिवस सोडून रोज डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती आसेगावच्या बाजूची गावं पायी हिंडायची. मी लग्न होऊन आले ते दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. तेव्हाच ती पन्नाशीच्या पुढे असावी. नजर इतकी अधू की दारात बांधलेल्या गाईला "काय वं बाई, बरी हायेस ना?" असं तिनं माझ्यादेखत विचारलेलं आहे. चेहरे तिला दिसतच नसत. पण हात हातात घेऊन, अंगठा तळव्याकडे दुमडून एकदा दाबला, की ती बाई कुणाची कोण, माहेरी काय घडलं, रात्री जेवली की रुसून झोपली, हे सारं तिला समजायचं. नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही. बांगडीच्या मापानं हाक मारायची. मी सव्वादोन, मोठी जाऊ त्याहून एक माप मोठी म्हणून दोन सहा आणे, आणि सासूबाई अडीच. ज्यांच्यापुढे गावातली मिशीवाली माणसं जोडे काढून उभी राहत, त्या माझ्या सासूबाई "अडीचबाई, घरात हायत का?" अशी अंगणातून आरोळी आली की मुकाट्यानं ओसरीवर येऊन बसत.

जाऊबाईंचं माप आधी सव्वादोनच होतं म्हणे. एका संक्रांतीला चाचीनं त्यांचा हात दाबला, जरा थांबली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "यंदा दोन सहा आणे घे. सव्वादोन चढतीन, पन दोन महिन्यानं उतरनार नाईत." जाऊबाई लाजून आत पळाल्या. त्यांना स्वतःला ते कळायला आणखी तीन आठवडे लागले. हात सुजलेला वाटला तर मात्र चाची बांगडी भरायचीच नाही. पाटी बाजूला सारून घरधन्याला निरोप धाडायची, "गाडी जुंपा, हिले वाशीमच्या दवाखान्यात न्या." आणि घरधनी न्यायचे. तिच्याशी वाद घालायची हिंमत मी कुणात पाहिली नाही.

इतकी धीट बाई, पण पडद्याची तिच्याएवढी कडक कुणी नसेल. रस्त्यानं पुरुष माणूस येताना भासला की बुरखा पुढे ओढून ती बांधाकडे तोंड करून उभी राहायची. एकदा आमच्या ज्वारीच्या वावरापाशी ती अशीच कितीतरी वेळ उभी होती. शेवटी मी जाऊन सांगितलं, की चाची, ते बुजगावणं आहे. ती शांतपणे म्हणाली, "असंन. पन सदरा त मानसाचाच घातला ना त्यानं?"

माझ्या पहिल्या वेळची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची. सातवा महिना लागला आणि पोटाला विलक्षण खाज सुटली. लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. लुगड्यावरूनच खाजवत राहिले. एके दिवशी जाऊबाई न्हाऊ घालत होत्या, माझं ओलं लुगडं सरकलं आणि त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बेंबीच्या खाली आणि मांड्यांवर तांबड्या-जांभळ्या रेघा उठल्या होत्या, कुणी चाबकानं फोडून काढल्यावर वळ उठावेत तशा. जाऊबाईंनी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि त्या भिंतीला टेकल्या.

सासूबाई वाईट नव्हत्या. पण त्यांच्या माहेरच्या भावकीत एकाला महारोग झाला होता, आणि पुढे त्या घरात कुणी पोर दिली नाही की त्या घरची पोर कुणी केली नाही. ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. त्या दुपारपासून माझं ताट वेगळं झालं, पाण्याचा गडवा वेगळा झाला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं, पण सातव्याची ओटी भरून, हिरवा चुडा घालून मला मेडशीला पोचवायचं ठरलं होतं. आता ओटी नाही, चुडा नाही. गुरुवारी गाडी जुंपायची आणि नेऊन सोडायचं, एवढंच. परत कधी आणायचं ते कुणी बोललं नाही. आमचे हे दोन दिवस वावरातून घरीच आले नाहीत. मी एका कोपऱ्यात बसून पोटातल्या जिवाची माफी मागत होते.

बुधवारी चाची आली. हिरव्या बांगड्यांची माळ तिनं आधीच वेगळी बांधून आणली होती.

"राहू दे चाची," सासूबाई म्हणाल्या. "बांगड्या नाई भरायच्या."

"काहून? सातवा हाय ना हिले?"

"तू जाय आता. तिले हात नको लावू. अंगावर निघालं हाय काहीतरी." मग आवाज अगदी खाली आणून त्या म्हणाल्या, "रक्तपिती हाय."

चाचीनं पाटी खाली ठेवली. बुरखा काढून खुंटीला लावला आणि सरळ माझ्याजवळ येऊन बसली. दोन दिवसांत मला शिवलेलं ते पहिलं माणूस. "दाव मले, सव्वादोन," ती म्हणाली. डोळे पार पोटाजवळ नेऊन तिनं पाहिलं, बोटानं एकेक रेघ चाचपली. मग एक हिरवी बांगडी रांजणाच्या पाण्यात बुचकळून आणली.

"डोये मिट. आता काय लागलं?"

"गार."

"आता?"

"गार. डाव्या अंगाले."

"नं आता?"

"आता काहीच नाई."

"बरोबर. आता लावलीच नाई मी," चाची म्हणाली आणि सासूबाईंकडे वळली. "अडीचबाई, महारोगाच्या डागाले गार समजत नाई नं गरम समजत नाई. माह्या सग्या मामाले होता, मी पायलं हाय. हिले त खाजेनं झोप नाई. पोट वाढून राह्यलं, चमडी पुरून नाई राह्यली, म्हनून आतून उसवली. दुसरं काई नाई."

"आमाले नाई झालं असं कधी," सासूबाई म्हणाल्या.

"पायलं का तुमी?"

बायका तेव्हा लुगड्यानिशी आंघोळ करीत. स्वतःचं पोट पाहायची वेळ कुणावर येणार?

चाची उठली. दार लावलं, कडी घातली. आणि बुजगावण्यापुढे पडदा करणाऱ्या त्या बाईनं सासूबाई, जाऊबाई आणि मी अशा तिघींसमोर आपला कुडता वर उचलला. मी असं पोट त्याआधी पाहिलं नव्हतं. बेंबीपासून खालपर्यंत पांढऱ्या, चकचकीत रेघाच रेघा, एकीतून दुसरी फुटलेली. तसूभर जागा मोकळी नव्हती. "आठ लेकरं झाली मले," ती म्हणाली. "पैल्या वेळेस अशाच लाल होत्या. चल, दोन सहा आणे, आता तू."

जाऊबाईंनी गाठ सैल केली. दोन्ही अंगांना रेघा होत्याच, फिक्या पडलेल्या. जाऊबाई इतक्या चकित झाल्या की लाजायचं विसरल्या.

"अडीचबाई."

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं.

"कडी मी लावली हाय," चाची म्हणाली.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नऊवारीची गाठ सोडायला त्यांना फार वेळ लागला. मग मान खाली घालून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. एका बोटानं हळूच एक रेघ चाचपली.

"हे मले कवा झालं?"

"तुमचा थोरला पोटात होता तवा. खाज सुटली असंन तुमालेबी."

"सुटत होती," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा तसला आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. "मी कोनाले सांगतलं नाई. सासूले भेत होतो."

सासूबाईंनी गाठ मारली, कोपऱ्यातलं माझं ताट उचललं, स्वतः घासलं आणि आपल्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं.

गुरुवारी गाडी जुंपली, पण ओटी भरून, आणि कोपरापर्यंत हिरवा चुडा घालून. चाचीनं जाताना बजावलं होतं: नखं लावायची नाहीत, लुगड्याची गाठ पोटावर आवळायची नाही, आंघोळीनंतर तिळाचं तेल कोमट करून हलक्या हातानं लावायचं. तळहात-तळपायांना खाज सुटली किंवा तोंड सुजलं, तर मात्र तेलाच्या भरवशावर न राहता डॉक्टर गाठायचा. "तेलानं खाज जाते, रेघ जात नाई," हेही तिनंच सांगितलं. पुढे जाऊबाईंनी बाजारातून रेघा पुसून टाकणारा म्हणून एक मलम आणला, तो तिनं नाकाशी धरला आणि म्हणाली, "गाडीच्या आसाले लाव. करकर थांबन." तो खरोखरच आसाला लावला. करकर थांबली.

मला मुलगी झाली. रेघा वर्षभरात फिकट होत गेल्या, तिनं सांगितल्याबरहुकूम.

पुढे चाचीच्या गुडघ्यांनी जवाब दिला. शेवटची आली ती कुणाच्या तरी गाडीतून, पाटीशिवाय. मला तेव्हा तिसऱ्या वेळचे दिवस होते. तिनं वाटीत तेल मागून घेतलं आणि माझ्या पोटाला लावायला बसली. बोलता बोलता मी विचारलं, की चाची, तुमची आठ लेकरं आता कुठं कुठं असतात? इतक्या वर्षांत मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"तिघं हायत," ती म्हणाली. "पाच लहानपनीच गेले. दोन त दुधावरच होते."

तिचा हात थांबला नाही. मी आपलं विचारलं, "तुमी अजून लावता का तेल, चाची? आता त खाज नसंन येत."

"लावतो ना बेटी. आंघोळ झाली की रोज लावतो." वाटीत राहिलेलं तेल तिनं बोटानं निपटून घेतलं. "कोनती रेघ कोनाची, ते काही समजत नाई. म्हनून साऱ्यायलेच लावतो."