दारफळणीला दहा डोकी

कुवेतला खैतानमध्ये आम्ही सहाजण एका फ्लॅटमध्ये राहायचो. पाच हिंदू आणि मी. सगळे कोकणातले, त्यामुळे कुणाच्या सुकटीला जास्त वास येतो यावरून रोज भांडण व्हायचं आणि धर्माचा विषय काढायला कुणाला फुरसत नसायची. मी अलिबागच्या बाजूचा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, यहुदी. गावात आम्हाला अजून शनवार तेली म्हणतात, कारण आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. ते बघून कंपनीत सगळ्यांनी मला हिंदू धरलं आणि मीही कुणाला दुरुस्त करायला गेलो नाही. नव्वदच्या दशकातला काळ, इराकशी युद्ध होऊन तीन-चार वर्षं झालेली. तिथं यहुदी म्हणून मिरवण्यात शहाणपण नव्हतं. फ्लॅटमधल्या पाचांना तेवढं ठाऊक होतं.

त्या वर्षी मे महिन्यात बाबा गेले. मी साइटवर एसीचे डक्ट बसवत होतो आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. रजा मिळाली नाही. त्याचा राग मला अजूनही येतो.

बाबांची आयुष्यभराची हौस म्हणजे दहा माणसं जमवणं. आमच्यात काही प्रार्थना दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाहीत, आणि गावातली आमची घरं एकेक करून इस्राएलला निघून गेलेली. सण आला की बाबा सकाळी एसटी स्टँडवर जाऊन उभे राहायचे. मुंबईच्या गाडीतून आपल्यातला कुणी उतरला, की त्याची बॅग हिसकावून घ्यायचे आणि चालू लागायचे. बॅगेच्या मागे माणूस यायचाच. एकदा एक नवा जावई सासुरवाडीला निघाला होता. त्याला बाबांनी दुपारपर्यंत सोडलं नाही. सासरी जेवण गार झालं, पण दहा भरले.

सप्टेंबरात आईचं पत्र आलं. ‘दारफळणीला बाबांसाठी कद्दीश म्हण. दहा माणसं शोध.’ कद्दीश ही मुलानं गेलेल्या बापासाठी म्हणायची प्रार्थना. ती दहांशिवाय होत नाही. अख्ख्या देशात मला आपल्यातला दुसरा माणूस ठाऊक नव्हता, आणि ही बाई दहा मागत होती.

दारफळणी म्हणजे आमचा प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदणी दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. पांढरे कपडे घालून दार लावून बसायचं, परक्याला शिवायचं नाही. ही जुनी कोकणातली रीत. बाबांनी ती कधी मोडली नव्हती आणि त्या वर्षी तरी मला मोडायची नव्हती. आता एकीकडे दार लावायचं आणि दुसरीकडे दहा माणसं गोळा करायची, हे खैतानच्या दोन खोल्यांत कसं जमायचं?

आमच्यात सर्वांत वडील मालवणचे सुतारकाका. त्यांना मी सगळं सांगितलं.

“दहा माणसां? खैतानात एक हाक मारलंय तर वीस येतीत,” काका म्हणाले.

“काका, आपल्यातली लागतात. यहुदी.”

“ती मी खंयसून हाडू?” काकांनी डोकं खाजवलं. “आमी भायर बसतव, तू दार लावून आत म्हण. एक वाक्य झाला की दारार टकटक कर. आमका काय म्हणूचा?”

“आमेन.”

“इतक्याच? आरतीपेक्षा सोप्पा आसा!”

हे धर्मात बसत नाही, हे मला कळत होतं. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं आणि खरं सांगायचं तर काकांचा उत्साह मोडायची छाती नव्हती. मी फक्त एवढं सांगितलं, की डोकी झाकलेली हवीत.

दारफळणी त्या वर्षी गुरुवारी आली. बुधवारी मी फोरमनला पोट बिघडल्याचं सांगितलं. म्हणजे वर्षभराच्या पापांची माफी मागण्यासाठी पहिलं काम केलं ते खोटं बोलण्याचं. संध्याकाळी खोलीतले दोघे आपापल्या गाद्या घेऊन हॉलमध्ये गेले आणि मी दार लावलं.

न शिवण्याचा भाग समजावून सांगायला मला आठवडा लागेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात अर्धं मिनिट लागलं. सोवळं त्यांच्या घरोघरी होतंच. मी संडासाला म्हणून दार उघडलं, की काका ओरडायचे, “बाजूक व्हा रे, तो सोवळ्यात आसा!” आणि पाच दांडगे बाप्ये भिंतीला पाठ लावून, पोटं आत ओढून उभे राहायचे. त्यांच्यामधून पांढरा लेंगा सावरत जाताना मला हसू आवरत नव्हतं. प्रायश्चित्ताच्या दिवशी हसणं किती मोठं पाप असतं, ते बाबांना विचारायचं राहून गेलं.

गुरुवारी सकाळी दाराच्या फटीतून तुपात तडतडणाऱ्या जिऱ्याचा वास आला. गुरुवारचा उपास म्हणजे दत्ताच्या उपासासारखाच काहीतरी, असं धरून आमच्यातल्या प्लंबरनं पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली होती. मी आतून सांगितलं, की चालत नाही.

“शेंगदाणे चालत नाहीत का? बटाटा काढून देऊ?”

“काहीच चालत नाही. पाणीसुद्धा नाही.”

बाहेरून काकांचा आवाज आला, “ह्यो उपास न्हय, ही शिक्षा आसा.” ताटली झाकून ठेवल्याचा आवाज आला आणि सगळे कामावर गेले.

दिवसभर मी बाबांची वही वाचत बसलो. शाळेची दोनशे पानी वही, हिब्रू प्रार्थना देवनागरीत उतरवलेल्या. हिब्रू पुस्तक कस्टममधून न्यायची भीती होती म्हणून मी निघताना बाबांनी स्वतः लिहून दिली होती. कद्दीशच्या पानावर त्यांनी समासात लिहिलं होतं: ‘इथे सगळे आमेन म्हणतील. थांबणे. घाई करू नये.’ हे पान मी त्यांच्यासाठीच वाचणार, हे लिहिताना त्यांना ठाऊक असणार. मी दुपारभर रडलो. घसा इतका कोरडा पडला होता की नीट रडताही येईना.

साडेचारच्या सुमाराला जिन्यात बुटांचा गलबला झाला. माणसं साइटवरून थेट आली होती. दाराला जुन्या कुलपाचं भोक होतं. त्यातून मी पाहिलं, तर हॉलमध्ये सगळे मांडी घालून बसलेले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट. काकांनी साइटवर ‘डोकी झाकून या’ असा निरोप दिला होता. एकानं हनुवटीखालचा पट्टासुद्धा लावला होता.

“आठच झाले,” काका दाराशी येऊन खालच्या आवाजात म्हणाले. “एकजण ओव्हरटायमाक रवलो. तुका धरून नऊ.”

नऊ. बाबांना आयुष्यभर छळलेला आकडा. बाहेरच्या आठांतला एकही जण धर्माच्या हिशेबात धरण्यातला नव्हता, तरी मी पुन्हा भोकातून डोकी मोजली. सूर्य उतरायला लागला होता. एसटी स्टँडवर जाणार तरी कोण?

तेवढ्यात बेल वाजली. बिल्डिंगचा हारिस होता. म्हातारा मिसरी, म्हणजे इजिप्तचा पहारेकरी, आवाज खर्जातला. “इतना जूता क्यों? क्या मुश्किल?”

“इसका बाबा मर गया,” काकांनी आपल्या हिंदीत सांगितलं. “सुबह से पानी नहीं पिया. दुआ करता है. एक आदमी कम है.”

भोकातून मला दिसलं. हारिसनं चपला काढल्या, डोक्यावरची पांढरी टोपी सारखी केली आणि हेल्मेटांच्या ओळीत जाऊन बसला.

“दहा!” काका जवळजवळ किंचाळले.

आठजणांना यातलं अक्षर कळणार नव्हतं, पण हा माणूस अरबी बोलणारा. कद्दीशमधले शब्द अरबीचे चुलतभाऊ. त्याला कळलं, तर उद्या सगळ्या बिल्डिंगला कळणार आणि परवा कंपनीला. वही मिटावी असं वाटलं. पण समासात बाबांचं अक्षर होतं. मी उभा राहिलो आणि सुरू केलं.

पहिलं वाक्य झालं, टकटक केलं. आठजणांनी ‘आमेन’ केलं ते टाळ्यांसकट.

“ही आरती न्हय, टाळये कसले वाजवतास!” काका खेकसले.

दुसऱ्या वेळी टाळ्या बंद झाल्या. तिसऱ्या वेळी मी टकटक करायच्या आधीच खर्जातलं “आमीन” आलं. चौथ्या वेळीही. वाक्य कुठं संपतं ते हारिसला कळत होतं. माझा हात दारावर तसाच राहिला, पुढं टकटक करावीच लागली नाही. तो म्हणायचा आणि मागून आठ हेल्मेटं म्हणायची. शेवटी ‘शालोम’ आलं तेव्हा माझा आवाज फाटला. मी थांबलो. घाई केली नाही.

सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली तसा हारिस मशिदीत गेला आणि येताना खजूर नि ताक घेऊन आला. मी आतून सांगितलं, चांदणी दिसल्यावर. त्यांच्यातही काहीजण गुरुवारी रोजा धरतात; माझा गुरुवारचा रोजा फारच कडक आहे, असं त्यानं काकांना कौतुकानं सांगितलं. पण त्याला खरंच काय कळलं होतं, ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

चांदणी दिसल्यावर मी दार उघडलं. सगळे अजून बसूनच होते. प्रसादाची वाट बघत. मग सकाळची खिचडी गरम केली आणि दहाजणांत वाटली. वाट्याला दोन-दोन घास आले.

दुसऱ्या दिवशी टेलिफोन कार्ड घेऊन मी गावी शेजाऱ्यांकडे फोन लावला. आई आली.

“दहा झाले?”

“झाले.”

“कोण कोण?”

कालच माफी मागून झाली होती, पुन्हा खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. टकटक, टाळ्या, हारिस.

“डोकी झाकली होती?”

“हेल्मेटनं.”

मी विचारलं, “चालतं का गं असं?”

“नाही चालत,” आई म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून तिनं जन्मात कधी काही म्हटलेलं नाही.

“तिथं गावात किती होते?” मी विचारलं.

“चार. त्यातला एक मधेच झोपला. इथं कद्दीश झालीच नाही. होणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तर तुला लिहिलं.”

कार्डावरची मिनिटं भराभर संपत होती.

“त्या पहारेकऱ्याला विचारून ठेव,” ती म्हणाली, “पुढच्या वर्षी मोकळा आहे का.”