सहा घोड्यांचे आठ

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर अप्पा दोन वर्षं घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं आमचं घर तसं लहानच. मग एक दिवस आम्हांला न विचारता त्यांनी मल्लिपट्टिणमच्या किनाऱ्यावर एक जुनी फायबरची बोट भागीदारीत घेतली. भागीदार म्हणजे त्यांच्या ऑफिसातला जीपचा ड्रायव्हर. तो मूळचा मासेमाराच्या घरचा. नोकरी सोडून परत समुद्रावर गेला होता. आठवडाभर बोट त्याच्याकडे आणि रविवारी अप्पांकडे, असं ठरलं.

बोटीच्या मागच्या फळीला सहा हॉर्सपॉवरचं इंजिन लटकवलेलं होतं. पहिल्याच रविवारी आम्ही तिघं आणि तो, असे चौघं बसलो. जाताना सगळं छान झालं. येताना खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी समोरून आलं आणि बोट जागच्या जागी गुरगुरत राहिली. पाण्यात रोवलेला जाळ्याचा एक खांब आमच्या डाव्या हाताला होता, तो बराच वेळ डाव्या हातालाच राहिला.

आईच्या मांडीवर चिंचेच्या भाताचा डबा होता. तिनं शांतपणे विचारलं, "आपण निघालों की अजून निघायचें आहे?"

ड्रायव्हरला मराठी येत नाही, पण तो हसला. अप्पा हसले नाहीत. घरी येताना बसमध्ये ते मला म्हणाले, "तू मुलांना इंजिनं शिकवतेस ना? मग याला जोर आण."

मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवते. पुढच्या रविवारी इंजिन आमच्या मागच्या अंगणात आलं. ते पाण्यावर थंड होतं, कोरडं चालवलं तर जळतं, म्हणून पाण्याचं मोठं पिंप आणून, कडेला फळी बांधून त्यावर अडकवलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा इंजिनाच्या खालच्या पंख्यानं अर्धं पिंप उपसून भिंतीपलीकडे फेकलं. पलीकडे शेजारच्या मामींचे वडाम, तांदळाच्या पिठाच्या कुरडयाच त्या, उन्हात वाळत होते. त्या दिवशी अप्पा दोनदा माफी मागून आले.

मी कॉलेजातून गेज आणून दोन्ही सिलिंडरांचा दाब पाहिला. एकाचा बरा होता, दुसऱ्याचा फारच कमी.

"अप्पा, हे सहाचं आहे म्हणता, पण चारसुद्धा देत नसेल. आधी त्याचे सहा तर मिळू देत."

वरचं झाकण उघडलं तर आत काजळीचा जाड थर आणि पिस्टनच्या रिंगा त्यात चिकटून बसलेल्या. अप्पांनी दोन संध्याकाळ खाली बसून बांबूच्या कामट्यानं ती काजळी खरवडली. धातूला ओरखडा उठता कामा नये, एवढंच मी सांगितलं होतं. त्यांनी ते इतक्या निगुतीनं केलं की मला त्यांच्या हातचे कालव्याचे जुने नकाशे आठवले. नव्या रिंगा घातल्यावर दोन्ही सिलिंडर सारखे झाले.

त्याच कंपनीचं आठ हॉर्सपॉवरचं इंजिनही मिळतं. दोन्हींची पुस्तकं शेजारी ठेवून पाहिलं तर पिस्टन तेच, लांबी-रुंदी तीच. फरक फक्त श्वासाचा. सहाच्या इंजिनात कार्बोरेटरपुढे बारीक भोकाची एक चकती बसवलेली होती आणि पेट्रोल सोडणारं जेट लहान होतं.

"म्हणजे आठ घोडे आत आहेतच, दारच लहान ठेवलंय?" अप्पांनी विचारलं.

"हो. पण दार मोठं केलं तर दाणापाणीही वाढवावं लागेल."

मी चकती काढून इंजिन थोडा वेळ चालवलं. स्पार्क प्लग काढला तर पांढराफटक. हवा जास्त, पेट्रोल कमी. असंच चालवलं तर पिस्टन वितळेल. मोठं जेट नागपट्टणमहून मागवलं आणि ते येईपर्यंत हात लावायचा नाही, असं सांगून मी कॉलेजला गेले.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीच धुराचा वास आला. अंगणात अप्पा काळवंडलेला प्लग हातात धरून उभे.

"जुन्या जेटचं भोक थोडं वाढवलं मी," ते म्हणाले. "बारीक ड्रिल होतं माझ्याजवळ."

"थोडं?"

"थोडं जास्त जालं."

मी चांगलीच रागावले. बोलता बोलता लक्षात आलं की हे शब्द, हा सूर, सगळं त्यांचंच आहे. मला गणित शिकवताना ते असंच बोलायचे. मी थांबले. ते गालात हसत होते, म्हणजे त्यांनाही ते कळलं होतं.

चार दिवसांनी जेट आलं. या वेळी प्लग निघाला तो दूध कमी घातलेल्या कॉफीच्या रंगाचा. तो रंग बघायला मी आईलाही स्वयंपाकघरातून बोलावलं. "बरा आहे," एवढंच ती म्हणाली.

मल्लिपट्टिणमला ड्रायव्हर आमच्यापेक्षा शहाणा निघाला. इंजिन हातात घेण्याआधी त्यानं बोटीची मागची फळी ठोकून पाहिली. "पाप्पा, जोर वाढवलास, पण तो पेलायचा या फळीनं," तो तमिळमध्ये म्हणाला. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, त्याच्या लेखी अजून पाप्पाच, म्हणजे लहान पोर. बोटीवर किती जोराचं इंजिन चालेल ते लिहिलेली पट्टी त्यानं शोधून दाखवली. आठ बसत होतं. तरी त्यानं आतून सागाचा एक तुकडा लावून बोल्ट कसले, आणि मगच आम्ही निघालो.

खाडीच्या तोंडाशी पुन्हा ओहोटी होती. ड्रायव्हरनं मूठ पूर्ण पिळली, बोटीचं नाक वर उठलं आणि तो खांब बघता बघता मागे गेला. अप्पा उभे राहिले.

"सार, बसा!" ड्रायव्हर ओरडला.

ते बसले, पण चेहऱ्यावरचं हसू काही खाली बसेना. आईनं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि पुढे बघत राहिली. फार मोठा वेग होता असं नाही. गल्लीतली स्कूटर याहून जोरात जाते. पण पाणी दोन्ही बाजूंनी फाटत जात होतं आणि माझ्या हातांना अजून पेट्रोलचा वास येत होता. मला फार बरं वाटत होतं.

आता ड्रायव्हर लांबची जाळी टाकूनही ऊन चढायच्या आत परततो. किनाऱ्यावरच्या आणखी दोघांनी आपापली इंजिनं मला दाखवली. मी आणि अप्पा दोन रविवार तिथेच ताडपत्रीवर बसून ती उघडत होतो. एकालाही जास्तीचे घोडे लागले नाहीत. आतली काजळी काढली आणि त्यांचे स्वतःचेच त्यांना परत मिळाले. काजळी अर्थात अप्पांनी काढली.