शेंदराची बोटं

लष्कराच्या लिलावातून घेतलेली माझी जुनी पिकअप कारंजा गावातला एकच मिस्त्री दुरुस्त करायचा. बॉनेट उघडलं की तो मला जवळ उभं राहू देत नसे. "तुमी च्या घेऊन या," एवढंच म्हणायचा, मान वर न करता. तशीच एक गाडी त्याच्या अंगणात विटांवर उभी होती. माझी दुरुस्त झाली की तिच्यात एखादा भाग वाढलेला दिसे.

दसऱ्याला आईनं आमच्या डायनामोवर शेंदराची पाच बोटं ओढली होती. त्यानंतर माझी पिकअप एकदा त्याच्याकडे दुरुस्तीला जाऊन आली. दिवाळीत त्याची गाडी सुरू झाली. मी न विचारता तिचं बॉनेट उचललं. डायनामोवर पाच शेंदरी बोटं होती.

त्यानं फडकं घेतलं आणि ती सावकाश पुसली.

"काय पाह्यता? तुमची गाडी चालून राह्यली ना?"

चालत होती. कोणाच्या डायनामोवर, ते विचारायला मी धजलो नाही.