पेरूच्या झाडाकडे तोंड करून

"पाहू नोका, वहिनी. जाणाऱ्याले जाऊ द्या."

असं म्हणून ते फाटकाकडे पाठ करायचे आणि अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे बघत उभे राहायचे. पाहुणा बिचारा चपला घालून वळून बघतो, हात हलवतो, तर यजमानांची पाठ! निरोप देताना मोबाईलमध्ये डोकं घालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे तसले नव्हते. पण भिलाईतल्या आमच्या वैशाली नगरात पाहुण्याला ऑटोत बसवून, ऑटो वळेपर्यंत हात हलवायची रीत. त्यामुळे सगळे त्यांना शिष्ट म्हणायचे. मीही म्हणायचे. मी फटकळ, त्यांच्या तोंडावर म्हणायचे.

ते आमच्या शेजारच्या घरात राहत. कॉलनीत त्यांचं नाव घोडेवाले. त्यांचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून इथल्या स्टील प्लांटमध्ये लागलेले. तेव्हा ज्याचा त्याचा मुलगा प्लांटकडे डोळे लावून बसलेला असे, आणि हा पठ्ठ्या पुण्याला एका नातेवाइकाकडे म्हणून गेला तो रेसच्या तबेल्यातच रमला. आधी लीद उचलली, मग घोडे फिरवले, आणि करता करता ट्रेनर झाला.

ट्रेनर म्हणजे काय, हे भिलाईत कोणाला कळावं? कोणाला वाटे हे घोड्यावर बसतात, कोणाला वाटे पैसे लावतात. दुसऱ्यांचे घोडे सांभाळायचे, तयार करायचे आणि शर्यतीत उतरवायचे, हे त्यांचं काम. पुणे, मुंबई, हैदराबाद, सगळीकडे त्यांचे घोडे जिंकले. बैठकीत भिंतभर फोटो होते. मालक कप धरून उभा आणि हे घोड्याच्या गळ्यात हात टाकून हसताहेत.

आमचे हे रोलिंग मिलमधून रिटायर झाले, तेव्हा पहिलं काम काय केलं असेल? कुंपणावरून वाकून म्हणाले, "भाऊ, एखादी टिप द्या ना!"

"देतो. घरी जा, अन् खिशातला हात बाहेर काढू नोका," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

सकाळी फिरून आले की आमच्या ह्यांच्या गुडघ्याला उलटा हात लावून बघायचे. घोड्याचा पाय गरम आहे का, ते तसंच बघतात म्हणे. "गरम आहे. आठ दिवस ट्रॅक बंद!" आणि माझं एक न ऐकणारा हा माणूस, त्यांचं ऐकून निमूट खुर्चीत बसायचा. मला हसू आवरत नसे.

पण ही थट्टामस्करी ते कायमचे परत आले त्यानंतरची. त्याआधी सगळं आयुष्य बाहेर गेलं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, इथल्या शाळेत शिकवायच्या, सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्यांना भिलाई सोडता आली नाही. एकुलती एक मुलगी मीनू. ती आईच्या आणि थोडी माझ्या हाताखाली वाढली. बाप यायचा शर्यतींच्या दोन सीझनच्या मधल्या सुट्टीत. आला की तिला स्कूटरवर चढवताना जिभेनं च् च् असा आवाज करायचा, घोड्याला करतात तसा. ती खिदळायची.

अशाच एका सुट्टीत मी चिडून विचारलंच. "भाऊजी, लोकायकडे पाठ कावून करता जी? वाईट वाटते ना त्यायले."

तेव्हा त्यांनी सांगितलं. "मालकानं घोडं विकलं का ते दुसऱ्या दिवशी ट्रकात चढून जाते, वहिनी. ट्रेनरले कोणी विचारत नाही. एक घोडी होती माह्याजवळ. चिमणी म्हणो तिले. शिंगरू होती तवापासून माह्या हातची. विकली. मी ट्रकापाशी उभा राहून तिच्याकडं पाहून राहिलो होतो. ते फळीवर चढेच ना! मान वळवून मलेच पाहे. पोट्ट्यायनं ढकललं, तिचा पाय घसरला, गुडघा फुटला. तवा आमचा म्हातारा साईस, घोड्याले खरारा करणारा, माह्यावर खेकसला. पाठ कर ना बे! तू पाहून राहिला तर ते कशी जाईन? मी पाठ केली. मागं फळीवर टापा वाजल्या. चढली."

बोलून झाल्यावर ते उठून आत गेले.

चिमणी गेली त्या दिवसापासून घोडं असो की माणूस, कोणी जायला निघालं की हे पाठ करत. आणि तिथंच घात झाला.

मीनूच्या लग्नाला ते ऐन सीझन सोडून आले. बिदाईच्या वेळी ती पाया पडली, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. ती गाडीकडे गेली, दार उघडलं, आत बसण्याआधी तिनं वळून बापाला शोधलं. तर नव्या कोटातली पाठ! फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. पोरगी हमसून रडते आहे आणि बाप पेरूचं झाड बघतो आहे.

मी अक्षतांचं ताट घेऊन मागच्या दारानं पेरूखाली आले होते. म्हणजे त्यांच्या अगदी समोर. देवा रे, तो चेहरा! दोन्ही हातांनी फांदी घट्ट धरलेली, आसवं कॉलरपर्यंत ओघळलेली, आणि जिभेनं हळूहळू च् च्. मध्येच पुटपुटत होते, "चल बेटा, चढ जा... चढ जा." घोड्यांशी ते हिंदीतच बोलत. गाडी सुटल्याचा आवाज आला तेव्हा कुठे फांदी सोडली. मी ताट तसंच हातात धरून रडले.

पुढं दोन वर्षांत वहिनी गेल्या आणि ते तबेला दुसऱ्याच्या हवाली करून घरी आले. मीनू रायपूरला, गाडीनं तासाभराच्या अंतरावर. पण यायची ती आईच्या श्राद्धापुरती, आणि बसायची माझ्याकडे.

"काकू, आमच्या बैठकीच्या भिंतीवर बघा ना. सगळ्या घोड्यांच्या गळ्यात पडून फोटो आहेत. मेरे लिए सिर्फ पीठ?"

मी तिला पेरूखाली पाहिलेलं सगळं सांगितलं. तिला पटेना. "रहने दो काकू, तुम्ही त्यांची बाजू घेता."

एकदा त्यांनी स्वतःच तिला समजवायला घेतलं. "माय, घोडं अडते ना, आपण पाहून राहिलो तर..."

"मी घोडं आहे का, बाबा?" असं म्हणून ती चहा तसाच टाकून उठली. आणि हा वेडा माणूस! ती फाटकाशी पोचली तसा पुन्हा पेरूकडे वळला! त्यांच्या डोक्यात काहीतरी घालावं, इतका राग आला मला. अहो, धावत जाऊन हात धरायचा पोरीचा! पण आयुष्यभर जे एक शिकले होते तेच त्यांना येत होतं. आपल्यामुळे जाणाऱ्याचा पाय घसरू नये, एवढंच.

दर रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे. कोणी येणार आहे का म्हणून विचारलं की म्हणायचे, "नाही ना जी, असंच." दुपारपर्यंत बसायचे आणि मग शर्ट बदलायचे. मला ते बघवत नसे, म्हणून मी रविवारी खिडकीचा पडदाच ओढून घ्यायचे.

मग छातीचं दुखणं निघालं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलीला बोलवा. मी फोन केला. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण मीनू एवढंच म्हणाली, "निघाले."

आली ती त्यांचा हात धरून बसली ती बसलीच. नजर हलवेना. त्यांनी डोळे उघडले की समोर ती. श्वास अडखळायचा, थांबतोय वाटायचं, आणि तिच्याकडे बघून पुन्हा सुरू व्हायचा. फार हाल चालले होते. दुसऱ्या दुपारी त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला.

"माय, तोंड तिकडं कर."

"कावून, बाबा?" ती अशी बोलत नसे कधी. माहेरची बोली कुठून आली कोण जाणे.

"तू पाहून राहिली ना... मले चढता येऊन नाही राहिलं."

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्यांचा हात चादरीवर ठेवला, उठली आणि पाठ केली. समोर मी होते. खाटेचा दांडा तिनं मागे हात नेऊन घट्ट धरला होता. आसवं हनुवटीवरून गळत होती, ती पुसत नव्हती. आणि मग तिच्या तोंडून बारीक आवाज येऊ लागला, च् च्, च् च्.

मागचा श्वास हळूहळू मोकळा झाला, लांबला, आणि थांबला. तरी ती वळली नाही. माझ्याकडेच बघत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "त्या दिवशी पेरूखाली बाबा असेच होते?"

"हो गं," मी म्हटलं. "असेच."