आधी खूण, मग पाणी

मार्चमधला दुसरा रविवार. डिंडोलीतल्या आमच्या घरावर मजला चढवायचा होता, त्याचा वीस हजारांचा बयाणा मिस्त्रीला द्यायचा होता. मिस्त्री, बायको आणि मी ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात टेप आणि लाल रंगाचा डबा घेतलेला एक माणूस गल्लीत शिरला. नव्या पुलासाठी पाडायच्या भिंतींवर तो फुल्या काढत होता.

आधी भिंतीवरून तळहात फिरवून धूळ पुसायचा, मग हलकेच फुली काढायचा आणि त्याच घरी पाणी मागून प्यायचा. समोरच्या काकूंनी डोळे पुसत त्याला तांब्या दिला.

आमच्याकडे वळताच बायकोनं घाईनं पाणी पुढं केलं.

"नको ताई. आधी खूण, मग पाणी. आधी प्यालो तर खूण करायला हात वळत नाही."

"सांभाळून हां, मला इथं मजला चढवायचाय," मिस्त्री हसत म्हणाला.

तो फुल्या काढणारा हसला नाही. त्यानं आमच्या भिंतीवरची धूळ पुसली, टेप लावली आणि खूण न करताच ब्रश डब्यात ठेवला. माझा जीव भांड्यात पडला.

"आता तरी पाणी घ्या," मी म्हणालो.

"आज नको, भाऊ. पूल परदेशी कर्जावर आहे. तिकडून पुढचा हप्ता सुटला की रस्ता रुंद होईल. तेव्हा येईन प्यायला."

तो गेला. पुसलेली जागा भिंतीवर स्वच्छ दिसत होती. तो हप्ता कधी सुटेल, हे विचारायचं तरी कोणाला?

बयाणा मी दिला नाही. मिस्त्रीला येण्याजाण्याचे दोनशे रुपये दिले.