ब्रेकसाठीचा थांबा

चाकणच्या कंपनीत कामाला जायला मी वाडी सोडली तेव्हा पॅसेंजर आमच्या घाटातल्या स्टेशनावर थांबत असे. वाडीला रस्ता नाही, फक्त रूळ आहेत. डब्यात चढले तेव्हा आईने खिडकीतून भाकऱ्यांचं फडकं दिलं आणि आप्पांनी पत्रकांचा गठ्ठा. ‘आमचा थांबा कायम ठेवा!’ हा मथळा. अक्षरं मी अशाच मथळ्यांवर गिरवली होती.

"कंपनीत वाट सगळ्यांना," आप्पा म्हणाले. "गाडी गेली तर आपण गेलो."

आई एवढंच म्हणाली, "पावसाच्या आत ये गं."

पत्रकं मी चाकणच्या कंपनी बसमध्ये वाटली. आमच्याच वाडीच्या पोरांनी त्यावर वडापाव खाल्ला. पॅसेंजर बंद झाली.

एक्स्प्रेस मात्र घाट उतरताना आमच्याकडे अजून थांबते, ब्रेक तपासायला. वाडीची माणसं तेवढ्यात चढायची-उतरायची. कुणी अडवत नसे.

यंदा आईला धाप लागू लागली. जंगलातून डोंगर उतरणं तिला शक्य नव्हतं. म्हणून ठरलं, की रविवारी मी एक्स्प्रेसने यायचं, गाडी थांबली की दारातून तिला आत ओढून घ्यायचं आणि खाली कर्जतला दवाखान्यात न्यायचं. तिथे धड फलाट नाही, पायऱ्या उंच. आतून हात दिल्याशिवाय ती चढणार नव्हती. साध्या डब्यात जागा मिळाली नाही. पर्यटकांच्या काचेच्या डब्याचं तिकीट काढलं.

लोणावळ्यापुढे दरी उघडली. कड्यांवरून पाणी सुटलं होतं, ढग खिडकीला घासून जात होते. प्रत्येक बोगद्यात डबाभर शिट्ट्या.

"राव, इथं राहणाऱ्यांची मजाय!" मागचा एकजण म्हणाला. "रोज हिल स्टेशन, तेही फुकटात!"

गाडी थांबली. खाली आई उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, पिशवी छातीशी धरून आप्पांच्या खांद्याला टेकलेली. मी दाराकडे धावले. आपोआप सरकणारं दार बंद होतं. शेजारच्या डब्यात जायचं दारही बंद.

"दादा, उघडा ना. माझी आई आहे बाहेर."

"मॅडम, हा थांबा पॅसेंजरसाठी नाही," डब्यातला कर्मचारी म्हणाला.

"मग कुणासाठी?"

"ब्रेकसाठी."

मी काच बडवली. ती काळसर, बाहेरून आतलं दिसत नाही. आई एकेक खिडकी शोधत होती. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकली आणि पुढच्या खिडकीवर गेली. मागच्याने तिचा फोटो काढला. गाडी सुटली.

वाडीच्या लोकांनी तिला झोळीत घालून डोंगर उतरवला. ती वाचली. पण आता घाट चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. इकडे शहरात, काळेवाडीतल्या माझ्या खोलीत ती खाटेवर बसून असते. गल्लीच्या तोंडाशी कंपनीची बस ब्रेक दाबते, तेव्हा पदर सारखा करून विचारते, "थांबली का गं?"

आप्पा यायला तयार नाहीत. "मी पण आलो, तर थांबा मागणारं तिथं कोण राहील?"

वाडी सोडून चाकणला आलेल्या माझ्या भावांनो, वडापाव खाऊन झाला असेल तर ऐका. आपलं घर आता काचेपलीकडे आहे. समोर दिसतं, उतरता येत नाही. तिथून आपण दिसतसुद्धा नाही.

आणि आप्पा, तुम्ही नवं पत्रक काढा. थांबा मागू नका. थांबा आहेच. ठळक टायपात एवढंच छापा:

दार उघडा.