न जमलेल्या चार प्लेटा

"मामा, हे एकदा परत करून बघू का?" असं म्हणून ती चष्मा ओढणीनं पुसायला लागली, की मी हातातलं कुलूप टेबलावर ठेवायचो. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत मदतनीस होतो. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं भरून ठेवायची, हे माझं काम. सगळी मुलं मला मामा म्हणत. प्रयोग जमला की वही मिटून पळणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. ही पोरगी जमलेला प्रयोगही परत करायची. "चुकून जमला असंल," म्हणायची.

आमच्याकडे तेव्हा नवी पदवी सुरू झाली होती. रसायन, वनस्पती, संगणक, सगळं एकत्र शिकायचं. मुख्य विषय असा एक नाहीच. लोकांना ते काही पटत नव्हतं. तिच्या गावातल्या एका गुरुजींनी तिच्या आईला सांगितलं होतं की पोरगी ना इकडची राहणार, ना तिकडची. आई रोजानं शेतात जायची, आणि घरची थोडी तूर होती. एकदा पोरीचा डबा द्यायला आली तेव्हा मला जयभीम घालून तिनं सहज सांगितलं, "दादा, आमच्या तुरीत मर लागतीय, झाडं उभ्या उभ्या वाळायलेत. पण बांधाकडच्या कोपऱ्यात एक झाड मरत न्हाई."

आईनं हे घरी कितीदा तरी सांगितलं असेल. त्या दिवशी मात्र पोरगी जेवता जेवता थांबली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन पिशव्या माती आणली, एक कोपऱ्यातली, एक मधली. आधी तिला वाटलं, मातीतल्या क्षारांचा फरक असेल. रसायनाच्या टेबलावर चार दिवस घालवले, फरक निघाला नाही. मग ती वनस्पतीच्या टेबलाकडे वळली. बटाट्याच्या पाण्यात साखर आणि ते घट्ट करणारं आगर घालून आम्ही कुकरमध्ये उकळलं, ते काचेच्या प्लेटांत ओतलं. वाळलेल्या तुरीतली बुरशी एका बाजूला लावली, कोपऱ्याच्या मातीतल्या एका जिवाणूची रेघ दुसऱ्या बाजूला ओढली. आणि वाट पाहिली.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं प्लेट खिडकीत उजेडाला धरली. कापसासारखी पांढरी बुरशी अर्धी प्लेट चालून आली होती आणि त्या रेघेच्या अलीकडे बोटभर जागा सोडून थांबली होती. जणू कुणी अडवलं होतं. कोपऱ्यातलं झाड का मरत नाही, ते मला समजलं. तिनं प्लेट खाली ठेवली, मला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसली.

अर्थात, परत करून बघितलं. या वेळी दहा प्लेटा. रोज मोबाईलवर फोटो काढायचे, आणि बुरशी किती सरकली ते मोजणारा छोटा प्रोग्रॅम तिनं संगणकावर लिहिला. सहा प्लेटांत बुरशी थांबली. चारांत थांबली नाही. मी म्हणालो, या चार टाकून दे, दाखवायला सहा पुष्कळ झाल्या. तिनं मान हलवली आणि त्या चार कुठे ठेवल्या होत्या ते मलाच विचारलं. पत्र्याखालच्या वरच्या फळीवर, मीच ठेवल्या होत्या. तिनं तिथं तापमापक लावला. वर ऊन जास्त लागत होतं. तापलं की जिवाणूचं काम थांबत होतं.

पुढच्या शिक्षणासाठी ती एका ठिकाणी गेली, तिथं तिच्या पदवीत मुख्य विषय नाही म्हणून अर्जच घेतला नाही. एसटीनं परत येऊन थेट लॅबमध्ये आली, पाठीवरची पिशवी न काढताच प्लेटा धुवायला लागली. धुता धुता म्हणाली, "मामा, मी कुठल्याच विषयाची न्हाई का वो?" मी दुसरा नळ सोडला आणि तिच्या शेजारी उभा राहून धुवायला लागलो.

मग आमच्या एका मॅडमनी तिला एका संशोधन संस्थेचा अर्ज भरायला लावला. कुठलीही विज्ञानाची पदवी चालणार होती. मुलाखत संगणकावर होती, आमच्याच लॅबमध्ये. कुणी आत येऊ नये म्हणून मी दारात उभा. पडद्यावर तिघं होते, त्यातले एक मराठी. त्यांनी विचारलं, सहा प्लेटा जमल्या, मग या चार आम्हाला कशाला दाखवतेस? ती म्हणाली, त्याच खऱ्या कामाच्या आहेत. ते हसले. म्हणाले, उन्हात तुझा जिवाणू काम करत नाही, मग परभणीच्या शेतात त्याचा उपयोग काय?

माझा हात दाराच्या कडीवर घट्ट झाला.

"उपयोग न्हाई सर," ती म्हणाली. "उन्हात टिकणारा शोधायचाय. त्यासाठीच मला तिकडं यायचंय."

तिघंही खाली पाहून काहीतरी लिहायला लागले. निवडीचं पत्र आलं तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत, प्राचार्यांच्या खोलीत आणि बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन सांगून आलो. या वयात पळत जाऊन सांगण्यासारखं फार काही घडत नाही.

आता ती तिथं संशोधन करते. मी निवृत्त झालो. गेल्या महिन्यात तिनं मला फोन केला आणि आईकडे जायला सांगितलं, आईचा साधा फोन आहे. मी शेतात गेलो. माझ्या मोबाईलवर तिनं तिकडून सूक्ष्मदर्शकातलं हलतं चित्र लावलं: बुरशीचा पांढरा धागा, आणि त्याच्याभोवती लगबग करणारे बारीक ठिपके, म्हणजे जिवाणू. आईनं पदरानं ऊन अडवून पडद्याजवळ डोळे नेले आणि हळूच मला म्हणाली,

"दादा, ह्ये तर जित्तं हाय."